सुजलेल्या डोळ्याचं खातं

“मामा, माणसानं विस्तव शोधला, चाक शोधलं आणि त्यानंतर थेट ही बँक. मधलं सगळं किरकोळ. अजून पाच वर्षांनी पोरांना बँकेची इमारत दाखवायची झाली, तर संग्रहालयात न्यावं लागेल.”

हे जाहीर करताना जावईबापू गवताच्या गंजीवर उभे होते. मधपाळाच्या घरी फोनला रेंज मिळायची ती गंजीवरच. उजवा हात त्यांनी फोनसकट आभाळाकडे धरला होता. संग्रहालयाचा उल्लेख करताना डावाही उचलला, तोल गेला आणि ते बसल्या बसल्या घसरत थेट म्हशीच्या पुढ्यात आले. म्हैस बाजूला सरकली. तिनं अशी माणसं पाहिली असावीत. फोन वाचला. एक चप्पल वरच राहिली, ती चार दिवसांनी चारा काढताना सापडली.

सासरा ओट्यावर बसून हे बघत होता. त्याला सगळे मधपाळ म्हणत, कारण तो मधमाश्या पाळायचा. बेचाळीस पेट्या होत्या त्याच्याकडे, गावाबाहेरच्या फळबागेच्या कडेनं ओळीत मांडलेल्या. बेचाळीस पेट्यांतल्या माश्या सोडल्या तर जगात त्याला कुणाविषयी आदर नव्हता. टेंपोवाल्याच्या टेंपोला तो डबा म्हणे आणि बागवाल्याच्या बागेला झुडपं म्हणे. गावात असा माणूस उरला नव्हता, ज्याच्याकडे त्यानं नाक वर करून पाहिलं नव्हतं. अपवाद एकच, जावईबापू. मुलगी दिलेली, तिथं नाक खालीच ठेवावं लागे. त्यामुळे गावासाठी असलेली सगळी तुच्छता जावयाच्या बाबतीत त्याच्या पोटात साठत जाई आणि वर तोंडानं तो म्हणे, “तुम्ही म्हणता तर असेल, जावईबापू.”

त्या दिवशी तर त्याला जास्त बोलताही येत नव्हतं. सकाळीच मध काढला होता. हाताला, मानेला माशी डसली तर तीस वर्षांच्या सवयीनं त्याला काही वाटत नसे. कपडे झटकावे तसा तो काटा झटकून टाकी. पण पापणी ही जागा वाईट. तिथं मुरलेल्या मधपाळाचीही सवय चालत नाही. जाळीची टोपी काढताना एक माशी आत राहिली होती, ती नेमकी पापणीवर बसली. दुपारपर्यंत एका डोळ्याच्या जागी नुसती चीर राहिली आणि गाल असा फुगला, की बायको म्हणाली, “अर्ध्या अंगानं तब्येत सुधारलीय तुमची.”

त्याच अवताराचा जावईबापूंनी फोटो काढला. फोननं मान डावीकडे वळवायला सांगितलं, उजवीकडे वळवायला सांगितलं, डोळे मिटून उघडायला सांगितलं. मधपाळानं जो उपलब्ध होता तो मिटून उघडला. दहा मिनिटांत खातं तयार. अर्ज नाही, रांग नाही, शिक्का नाही.

शिक्का नाही, हे ऐकूनच मधपाळ या भानगडीत पडला होता.

कारण शिक्का हे माणसाचंही नाव होतं. बाजाराच्या गावी जुन्या बँकेच्या शाखेत तीन खिडक्या होत्या. दोन कायमच्या बंद, तिसरीच्या मागे हा कारकून. शिक्का असा आपटायचा की बाहेर बांधलेले बैल कान टवकारत. त्याला हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. खिडकीवर दोरीनं बांधलेलं पेन होतं आणि ती दोरी अर्ज ठेवायच्या फळीला चार बोटं कमी पडायची, त्यामुळे सगळं गाव वाकडं उभं राहून सही करी. पाण्याच्या माठावरचा पेला साखळीनं बांधलेला. बाकाची फळी तेवढी मोकळी होती, कारण तिच्यावर कायम कुणीतरी बसलेलं असे. भिंतीवर ‘ग्राहकाची सेवा हाच आमचा आनंद’ असा फलक होता आणि त्याखाली बसून शिक्का गेली तीस वर्षं तो आनंद चेहऱ्यावर दिसू न देता काम करत होता.

मधपाळाचं आणि त्याचं वैर सहीवरून. मधपाळाची सही बँकेतल्या कार्डावरच्या सहीशी कधी जुळलीच नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. दर वेळी शिक्का कार्ड काढायचा, भिंग लावायचा आणि म्हणायचा, “ही सही तुमची नाही.” मग दोन साक्षीदार आणायचे, साहेबांची परवानगी घ्यायची आणि आपलेच पैसे घेऊन दुपार टळल्यावर घरी यायचं. दोन महिन्यांपूर्वी नवीन साहेब आले. ते म्हणाले, साक्षीदार चालणार नाहीत. ओळखीचे कागद आणा, फोटो आणा, सही नव्यानं नोंदवा. मधपाळ भडकला. मी मी आहे याचा दाखला मीच आणायचा होय? सगळ्या बँकेसमोर, म्हणजे बाकावरच्या चार माणसांसमोर, त्यानं बजावलं, “हे तोंड पुन्हा या खिडकीत दिसणार नाही.” आणि खात्यात पडलेले पैसे रागारागानं तसेच टाकून तो निघून आला.

शिक्का त्याच्या पाठीवर एवढंच म्हणाला होता, “पेन सोडून जा.”

असा माणूस नसलेली बँक म्हणजे मधपाळाला स्वर्गच. जावईबापूंनी गंजीवर पुन्हा चढून, या वेळी बसून, तिचे सगळे गुण सांगितले. इमारत नाही म्हणून भाडं नाही, नोकर नाहीत म्हणून पगार नाही, आणि तो वाचलेला पैसा खातेदाराला जास्तीचं व्याज म्हणून मिळतो. रविवारी उघडी, सणासुदीला उघडी. किरकोळ रक्कम आकडे दाबून काढायची, मोठी रक्कम असली की चेहरा दाखवायचा. “चेहरा हीच सही, मामा. ती कशी चुकेल?” मधपाळाला हे मनापासून पटलं आणि जावयाचं बोलणं पटल्याबद्दल स्वतःचा थोडा रागही आला.

मध घेणाऱ्या कंपनीनं हंगामाचे सगळे पैसे त्या खात्यात धाडले. सात आठवडे मधपाळ रोज गंजीवर चढे, आकडा बघे आणि उतरे. काढायची गरज पडली नाही. मंगळवारी पडली.

मंगळवारी सकाळी बागवाला पेट्यांपाशी आला. झाडांवर बुरशी आलीय, म्हणाला. गुरुवारी पहाटे सगळ्या बागेवर औषध फवारणार. “तुमच्या माश्या उचला. मागाहून बोंब नको.” एवढं सांगून तो गेला. जाताना म्हणाला, “झुडपंच ती, पण माझी आहेत.”

फवारलेल्या फुलावर बसलेली माशी पेटीपर्यंत परत येत नाही, आणि आली तर पेटी घेऊन मरते. मधपाळानं एकदा असं पाहिलं होतं. सकाळी पेटी उघडली तर तळाशी ओंजळ ओंजळ माश्या, काळ्या धान्यासारख्या. त्यानंतर दोन दिवस तो कुणाशी तुच्छतेनंसुद्धा बोलला नव्हता. टेकडीपलीकडे सूर्यफुलाची शेतं बहरात होती, तिथं पेट्या न्यायच्या तर बुधवारी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर दारं बंद करून. त्याला टेंपो हवा. टेंपो गावात एकच.

“डब्यात घालून नेणार का माश्या?” टेंपोवाल्यानं विचारलं. तो टेंपोखाली उताणा पडून काहीतरी पिळत होता आणि बाहेर यायची त्याला घाई नव्हती. त्याचं म्हणणं सरळ होतं. तीन खेपा, चार हमाल, माश्या डसल्या तर त्यांचं औषधपाणी. सगळे पैसे आधी आणि रोख. नाहीतर बुधवारी त्याला विटा वाहायच्या होत्या. विटा डसत नाहीत आणि कुणाच्या गाडीला डबाही म्हणत नाहीत.

मधपाळ घरी आला, गंजीवर चढला आणि त्यानं रक्कम घातली. मोठी रक्कम. फोननं चेहरा मागितला. त्यानं तो दिला. डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, दोन्ही डोळे मिटले, दोन्ही उघडले. फोन विचारात पडला आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘आपला चेहरा आपल्या चेहऱ्याशी जुळत नाही.’

त्यानं टोपी काढून पाहिलं, तोंड धुऊन पाहिलं. तिसऱ्यांदा तर गालांवरून साबण लावून आला. खाली बायको शेणाच्या हातानं उभी होती. काय झालं विचारल्यावर तो म्हणाला, “हाही म्हणतो, हा तू नव्हेस.”

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती हसत हसत ओट्यावरच बसली. म्हणाली, खातं उघडलं त्या दिवशी तुम्ही तरी कुठं होतात? बँकेला तो सुजलेला माणूस माहीत आहे. पैसे त्याचे आहेत.

तिचं हसू थांबेपर्यंत मधपाळ गंजीवर बसून होता. मग त्यानं बँकेशी बोलायचं ठरवलं. त्या बँकेत बोलायला माणूस नव्हता, मदतनीस नावाचं एक यंत्र होतं. त्याला लिहायचं आणि ते लिहून उत्तर देई. मधपाळ एका बोटानं लिहायचा, अक्षर शोधून, किडा चिरडावा तसा दाबून.

‘नमस्कार! मी आपला मदतनीस. आज आपण कसे आहात?’

मधपाळानं लिहिलं, माझे पैसे दे.

‘पैसे देण्यासाठी “पाठवा” दाबा.’

माझे पैसे मला पाहिजेत.

‘छान! आपल्याला कर्ज हवं आहे का?’

मधपाळानं जे लिहिलं ते बायकोला वाचू देण्यासारखं असतं तर इथंही लिहिता आलं असतं. मदतनिसानं उत्तर दिलं की आपल्या भावना आम्हाला मोलाच्या वाटतात. चेहरा बदलला असल्यास आमचा अधिकारी चित्र-संवादातून खात्री करील. सर्वांत जवळची मोकळी वेळ: आजपासून अकराव्या दिवशी, सकाळी. ‘या संभाषणाला आपण किती तारे द्याल?’

शिक्क्यानं तीस वर्षांत खूप अपमान केले होते, पण वर कधी तारे मागितले नव्हते.

जावयाकडे पैसे मागणं शक्यच नव्हतं. मुलगी दिली त्याच्यापुढे हात पसरायचा, त्यापेक्षा माश्यांबरोबर फुलावर बसलेलं बरं. गावात मागायचं तर त्यानं मनातल्या मनात एकेक घर घेतलं आणि प्रत्येक घराबद्दल आपण काय बोललो होतो ते आठवून पुढं सरकला. गावाची वेस आली. तेव्हा त्यानं जावईबापूंना फोन लावला, पैशासाठी नव्हे, सल्ल्यासाठी. सल्ला फुकट असतो आणि तो द्यायला जावईबापू नेहमी मोकळे असत.

“सोपं आहे, मामा,” तिकडून आवाज आला. “तोच चेहरा पुन्हा करायचा.”

“करायचा म्हणजे?”

“डसवून घ्यायचं. माश्या घरच्याच आहेत ना? थांबा, फोटो आहे माझ्याकडे. हां. डावा डोळा.”

बायकोनं मधेच काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मधपाळानं हात केला. जावईबापू बोलत होते.

मंगळवारी संध्याकाळी तो पेट्यांपाशी गेला. आयुष्यभर ज्या माश्यांना डसू नये म्हणून धूर दिला, त्यांतली एक त्यानं चिमटीत धरली. डसलेली माशी मरते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पेटीकडे बघून तो हळूच म्हणाला, “एक जाईल, बाकीच्या वाचतील,” आणि तिला डाव्या पापणीवर ठेवलं. माणसांची माफी त्यानं कधी मागितली नव्हती. माशीची मागितली.

बुधवारी सकाळी डोळा झक्क सुजला होता. गंजीवर फोन धरला. ‘आपला चेहरा आपल्या चेहऱ्याशी जुळत नाही.’

“जुळेल कसा?” खालून बायको म्हणाली. “तेव्हा उजवा होता.”

मधपाळ एका डोळ्यानं तिच्याकडे बघत राहिला.

“तीन रात्री गार फडकं मी धरलं होतं. उजव्या कुशीवर वळलात की कण्हत होता. मला ठाऊक नसणार?”

“मग काल बोलली का नाहीस?”

“मला विचारलंत? हात केलात. जावईबापू बोलत होते.”

फोनच्या फोटोत आरशासारखं उजव्याचं डावं होतं, हे त्या थोर माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. चाक शोधणाऱ्यालाही ते कुठल्या बाजूला वळतं एवढं कळलं असेल. पण मधपाळानं हे मनातच म्हटलं. वेळ नव्हता. तो पुन्हा पेट्यांपाशी गेला, पुन्हा एका माशीची माफी मागितली आणि उजवी पापणीही करून आला.

पण कालचा डावा काही लगेच उतरणार नव्हता. दुपार होईतो दोन्ही डोळे मिटले. दोन मोदकांच्या मधे नाक ठेवल्यासारखा चेहरा झाला. बायकोनं त्याला हाताला धरून गंजीवर चढवलं, त्याच्या तोंडासमोर फोन धरला आणि पडद्यावरचं वाचून दाखवलं: ‘कृपया डोळे उघडा.’

“उघडेच आहेत म्हणावं.”

तिनं पुन्हा धरला. ‘कृपया डोळे उघडा.’ तिसऱ्यांदा धरल्यावर फोननं कळवलं की आपल्या सुरक्षेसाठी आपलं खातं चोवीस तास बंद करण्यात येत आहे.

दोघं गंजीवर बसून राहिली. लांब बागेकडे बागवाल्याची माणसं औषधाची पिंपं उतरवत होती. त्यांचा आवाज येत होता. मधपाळाला दिसत काही नव्हतं, पण पिंप जमिनीवर टेकल्याचा प्रत्येक आवाज त्यानं मोजला.

“अजून एक बँक आहे,” बायको म्हणाली.

“हे तोंड तिथं दाखवणार नाही असं मी सांगून आलोय.”

“ते तोंड आज आहे कुठं?”

तिनं त्याला गंजीवरून खाली घेतलं, लुगड्याचा पदर खोचला आणि येणाऱ्या ट्रॅक्टरला हात केला.

जुन्या बँकेत पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. शिक्का डबा खाऊन बसला होता. बाकावरच्या चार माणसांनी मधपाळाला पाहिलं आणि ओळखलं नाही. गावातल्या माणसांनीही त्याला ट्रॅक्टरवर ओळखलं नव्हतं. फोननं तर दोन दिवस ओळखलं नव्हतं. शिक्क्यानं मान वर केली, एकदा पाहिलं, आणि मान खाली घालत म्हणाला, “काय मधपाळ. आज दोन्ही डोळे घरी ठेवून भांडायला आलात?”

मधपाळाचा जबडा खाली आला. त्यानं विचारलं, ओळखलं कसं? शिक्का म्हणाला, एवढ्या तुच्छतेनं या खिडकीसमोर दुसरं कुणी उभं राहत नाही. डोळे नसले तरी पाठ तीच आहे.

बायकोनं सगळं सांगितलं. शिक्का ऐकत होता की नाही ते कळत नव्हतं. तो अर्ज पुढं सरकवत होता. फोनातल्या बँकेचं नाव ऐकल्यावर मात्र त्याचा हात थांबला.

“तिला तिजोरी नाही, माहीत आहे ना? पैसे धरायचा परवानाच नाही तिला. ती नुसता दरवाजा रंगवते. तुम्ही घातलेले पैसे येतात आमच्या मुख्य कचेरीत. बारीक अक्षरांत लिहिलंय, पार तळाशी.”

“म्हणजे माझे पैसे तुमच्याकडंच आहेत?”

“आमच्याकडे आहेत, पण त्यांच्या नावावर. तुमच्या नावावर त्यांच्याकडे. मी हात लावू शकत नाही.”

मधपाळ म्हणाला, “पुढच्या दारानं शिव्या देऊन बाहेर पडलो आणि मागच्या दारानं तुमच्याच घरात पैसे ठेवून आलो.”

“आणि मधल्या माणसाचे आभार मानलेत,” शिक्का म्हणाला. “इथं टाकून गेलेले जुने पैसे तेवढे काढता येतील. सही करा.”

“तुला रे कसं ठाऊक, तळाशी काय लिहिलंय?”

शिक्क्यानं शाईची डबी उगाचच पुसली.

आता उरली सही. बायकोनं मधपाळाच्या हातात पेन दिलं. दोरी चार बोटं कमी पडली. तो वाकडा झाला, डोळ्यांपुढं काळोख, बोटांनी कागदाची कड चाचपली आणि अंदाजानं सही ओढली. ओढता ओढता त्याचा हात मधेच थबकला. हे त्यानं आधी केलं होतं. असंच वाकडं उभं राहून, असाच काळोख, आणि कुणीतरी असाच दंड धरलेला.

तीस वर्षांपूर्वी, पहिल्या मधाचे पहिले पैसे हातात आले त्या दिवशी, तो खातं उघडायला आला होता. तेव्हा जाळीची टोपी घ्यायची ऐपत नव्हती. बापानं हाताला धरून आणलं होतं, कारण दोन्ही डोळे मिटलेले होते. मधपाळ बँकेत जाणार कधी? पैसे येतील त्या दिवशी. पैसे येणार कधी? मध निघेल त्या दिवशी. आणि मध निघेल त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे बघून त्याची ओळख नोंदवून घ्यायची, असं दोन्ही बँकांनी केलं होतं.

शिक्क्यानं कार्ड काढलं. पिवळं पडलेलं, कोपरे गेलेले. भिंग लावलं. सही डावीकडून निघून चढण चढत चौकटीच्या बाहेर गेली होती. त्यानं अर्जावरची पाहिली. तीही डावीकडून निघून चढण चढत चौकटीच्या बाहेर गेली होती. त्यानं भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं. बाकावरची चार माणसं उठून खिडकीपाशी आली. आतून साहेबही आले.

“तीस वर्षांत पहिल्यांदा,” शिक्का म्हणाला, “ही सही तुमची आहे.”

आणि त्यानं असा शिक्का आपटला की बाहेर ट्रॅक्टरवाला दचकून उठला.

संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर बेचाळीस पेट्यांची दारं बंद झाली. टेंपोवाल्यानं पैसे दोनदा मोजले, मग मधपाळाच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न बोलता पेट्यांखाली पोती अंथरली. मधपाळाला पेट्या दिसत नव्हत्या. प्रत्येक पेटीला हात लावून, आतली गुणगुण ऐकून, तो पुढची उचलायला सांगत होता. बेचाळिसावी पेटी चढल्यावर त्यानं टेंपोच्या फाळक्यावर थाप मारली आणि म्हणाला, “गाडी चांगली आहे.” टेंपोवाला दोन दिवस हे गावात सांगत होता. कुणाला खरं वाटलं नाही.

गुरुवारी पहाटे बागेवर औषध पडलं. माश्या टेकडीपलीकडे सूर्यफुलांवर होत्या.

शुक्रवारी सकाळी मधपाळाचा डावा डोळा उघडला. तो मंगळवारचा, आधी उतरला. उजवा अजून सुजलेलाच होता. बायकोनं त्याला पाहिलं आणि भाकरी तव्यावर टाकून धावत गंजीकडे गेली, कारण सात आठवड्यांपूर्वीचा तो सुजलेला माणूस, ज्याचे पैसे होते, तो घरी परत आला होता. फोन धरला. ‘स्वागत आहे! आज आपण प्रसन्न दिसत आहात.’

सुजलेल्या माणसाच्या मनात बदल व्हायच्या आत मधपाळानं सगळी रक्कम जुन्या बँकेतल्या खात्यावर पाठवली, जिथं ती नाही तरी होतीच. खातं बंद करताना फोननं कारण विचारलं. पाच कारणं दिली होती, एकावर बोट ठेवायचं होतं. त्यानं बायकोला वाचायला लावली. त्यात चेहऱ्याचं काही नव्हतं. शेवटी त्यानं ‘इतर’वर बोट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तारे दिले. एक दिला. शून्याची सोय नव्हती.

सोमवारी तो पासबुकात नोंद करून घ्यायला बँकेत गेला. दोन्ही डोळे आता उघडे होते आणि तीस वर्षांची सगळी तुच्छता ताजी होऊन जिभेवर आली होती. शिक्क्याला काय काय ऐकवायचं ते त्यानं वाटेत तीनदा घोळून ठेवलं होतं. दोरीबद्दल, माठाच्या साखळीबद्दल, भिंगाबद्दल, तीस वर्षांच्या टळलेल्या दुपारींबद्दल.

बँक बंद व्हायची वेळ झाली होती. बाक रिकामं होतं. शिक्क्यानं नोंद केली, पासबुक बाहेर सरकवलं, आत साहेबांच्या दाराकडे पाहिलं आणि खिडकीची फळी अर्धी खाली ओढली. मग टेबलाच्या खणातून स्वतःचा फोन काढला. पडदा उजळला. मधपाळानं तो रंग ओळखला. सात आठवडे गंजीवर बसून रोज पाहिला होता.

शिक्का खालच्या आवाजात बोलत होता. दीड टक्का व्याज जास्त मिळतं, म्हणाला. निवृत्तीनंतरसाठी साठवलेलं सगळं तिथंच ठेवलंय. आजवर नुसती मान वळवायला सांगत, डोळे मिटायला सांगत, ते जमे. परवापासून त्यांनी नवीन काढलंय. म्हणतात हसा. घरी आरशासमोर करून पाहिलं. बायको खोलीतून उठून गेली. फोन ऐकत नाही. मुलीच्या लग्नाचं सभागृह ठरवायचंय, उद्या पैसे भरायचे आहेत.

एवढं सांगून त्यानं फोन मधपाळाच्या हातात दिला, शाईच्या बोटांनी कॉलर सारखी केली आणि ‘ग्राहकाची सेवा हाच आमचा आनंद’ या फलकाखाली ताठ बसला.

“मधपाळ,” तो म्हणाला, “मला जरा हसवता का?”